कुंकू न लावलेला आकडा

"तुझं मापच खोटं हाय गो," असं भगीरथमामा सगळ्या शॉपसमोर म्हणाले आणि माझं डोकं फिरलं.

माझं डोकं तसं लवकर फिरतं. आई म्हणते, राग हिच्या नाकावर भाडं न देता राहतो. पण त्या दिवशी कुणाचंही फिरलं असतं. समोर टेबलावर नवाकोरा ट्रे पडला होता. फिकट चंदेरी, हाताला हलका, कुठे चीर नाही, चारही मोड अगदी काटकोनात. आणि तरीही तो भंगारात जाणार होता, कारण त्याच्या भिंती बुटक्या झाल्या होत्या. जोडीच्या ट्रेची भोकं या ट्रेच्या भोकांसमोर यायला हवीत, म्हणजे आरपार खिट्टी घालून स्ट्रेचरचे दोन्ही अर्धे जोडता येतात. कंपनीने पाठवलेल्या नमुन्याच्या पट्टीला ट्रे लावून बघितला, तर खिट्टी पहिल्या भोकात गेली आणि दुसऱ्याशी अडली. चूक केवढी, तर काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी.

माझं काम सांगायला हवं, नाहीतर माप खोटं म्हणजे काय ते कळायचं नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत आमचं छोटं शॉप आहे. आम्ही पत्रा वाकवतो. कपाटांच्या बॉड्या, पॅनेलचे डबे, ट्रे, असलं सगळं. वस्तू वाकवण्याआधी ती सपाट पत्र्यावर कशी दिसेल, पत्रा किती लांब कापायचा, भोकं कुठे पाडायची, हे काढून द्यायचं काम माझं. मी शेणव्याची. डिप्लोमा करून इथे लागले तेव्हापासून रोज स्कूटीवर किन्हवली, सरळगाव करत येते. आमच्या बौद्धवाड्यातली कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर बसणारी मी पहिली मुलगी, हे माझे वडील अजून पाहुण्यांना न विचारता सांगतात.

पत्रा वाकवणारे भगीरथमामा. धसईचे. घरची भातशेती आहे, पण जीव सगळा मशीनमध्ये. शॉप सुरू झालं त्या दिवसापासून ते बेंडिंग मशीनवर आहेत, आणि मला या धंद्यातलं जे येतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलंय. पत्र्यावर वरून दाबणारा पंच कसा निवडायचा, पत्रा कुठल्या अंगाने वाकवायचा, वाकवताना बोटं कुठे ठेवायची. कॉलेजात बोटांबद्दल कुणी बोललं नव्हतं.

त्या मशीनच्या अंगावर मामांनी कधीकाळी पिवळ्या ऑइलपेंटने एक तक्ता रंगवून ठेवला होता. पत्रा एवढ्या जाडीचा, तर एका मोडामागे एवढी वजावट. त्याचं असं आहे की पत्रा वाकवला की मोडाच्या बाहेरच्या अंगाला तो ताणला जातो, थोडा लांबतो. म्हणून कापताना तेवढा कमी कापायचा. तीच वजावट. मामांचा तक्ता इतका पक्का होता की आजूबाजूच्या शॉपमधले लोक मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून न्यायचे.

आणि दर खंडेनवमीला, मशीन धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून झाली की मामा त्या तक्त्याच्या कोपऱ्यालाही कुंकवाचं बोट लावायचे. वर्षानुवर्षांचं ते कुंकू आता रंगातच मुरलं होतं. एकदा कुंकू लागल्यावर त्या आकड्यांना व्हर्निअर लावून कोण बघणार? मी पूजेला उभी राहत नाही, चहाचा कप घेऊन दारात थांबते, त्याबद्दल कधी कुणी मला काही म्हटलेलं नाही. पण आकडा तक्त्यावरूनच उचलायचे. मी काय आणि बाकीचे काय, सारखेच.

मग मॅग्नेशियम आलं.

पुण्याच्या एका कंपनीला स्ट्रेचर बनवायचं होतं. डोळखांबच्या वरच्या अंगाला असे पाडे आहेत जिथे पावसाळ्यात गाडी जात नाही. आजाऱ्याला अजूनही बांबूला चादर बांधून, डोली करून खाली आणतात. पाळीपाळीने खांदा देणारी चार-सहा माणसं लागतात, आणि ती दिवसा कामावर गेलेली असतात. कंपनीचं म्हणणं असं, की स्ट्रेचर इतकं हलकं हवं की घरातल्या दोन बायकांनी ते उचलून चालू लागावं. लोखंड जड, म्हणून हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू. दोन ट्रे जोडून एक स्ट्रेचर, त्यातला एक ट्रे आमच्याकडे. पत्रे टेंपोतून उतरवले तेव्हा सगळे एकेक उचलून हसत होते. एवढा मोठा पत्रा आणि उचलला तर पत्रावळीसारखा.

पहिल्या तुकड्याने आमचं हसू बंद केलं. मामांनी तो नेहमीसारखा खालच्या डायच्या खाचेवर ठेवला, वरचा पंच खाली आणला आणि कट् करून तुकडा मोडाच्या बाहेरच्या अंगाला फाटला. दुसरा तसाच. मामांनी तुकडा हातात फिरवला आणि म्हणाले, "ही तांदळाची भाकर हाय. गरम हाय तवर दुमडते. गार झाली की मोडते." त्यांनी भट्टीची सोय करून घेतली, डायही तापवून घेतला, आणि पत्रा गरम असतानाच वाकवला. एक चीर नाही. मी पुस्तकं उलटीपालटी करत होते तोवर त्यांचं काम झालंही होतं. माझं पुस्तक नंतर तेच म्हणालं. रेतीच्या बादल्या मात्र मी भरून ठेवायला लावल्या, कारण या धातूचा कीस पेटतो आणि त्यावर पाणी टाकलं तर जास्तच भडकतो.

इथपर्यंत सगळं छान होतं. आणि मग ट्रे बुटके येऊ लागले. एक आला, आम्ही म्हटलं भोकं चुकली. दुसरा आला. आता कंपनीने दिलेला एकच मोठा पत्रा उरला होता, आणि कंपनीचा माणूस जोडीचा तयार ट्रे घेऊन खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तपासायला येणार होता.

"माझं माप खोटं?" मी म्हणाले. "मामा, तक्त्यावरचाच आकडा वजा केलाय मी. हे बघा."

"तक्ता चुकत नाय."

"मग मीपण नाही चुकले."

"मंग काय पत्रा चुकला? तू कापायला दिलास त्योच आखूड व्हता."

वहिनी ऑफिसातून बाहेर आल्या. देवकीवहिनी आमच्या मालकीणबाई. शॉप त्यांच्या नवऱ्याने उभं केलं, ते गेल्यावर नातेवाईक विका विका म्हणत असताना यांनी पदर खोचून चालवलं. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. त्यांनी ट्रे पाहिला, मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नम्रता, माझ्या मालकांनी मामांच्या तक्त्यावर हे शॉप उभं केलं. आता शेवटचा पत्रा आहे. तोही आखूड आला तर पुढे मापं मी बाहेरून काढून घेईन. तू पॅकिंगला बस. पगार आहे तोच राहील."

पगार आहे तोच! म्हणजे उपकार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. पॅकिंगचं काम हलकं नाही, तिथे बसणाऱ्या बायका माझ्याहून जास्त राबतात. पण ते टेबल माझं होतं. ते चुकीच्या मापासाठी जायचं असतं तर मी स्वतः उठून गेले असते. चूक नसताना मी उठणार नव्हते.

"वहिनी, शेवटचा पत्रा कापायच्या आधी मला एक गोष्ट करू द्या," मी म्हणाले. "फाटलेल्या तुकड्यांतून एक पट्टी. आणि तेवढ्याच जाडीची लोखंडाची एक पट्टी. दोन्ही सारख्या लांबीच्या. मी हात लावणार नाही. मामांनीच कापायच्या, मामांनीच वाकवायच्या."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग कटिंगकडे गेले.

मला फक्त एवढंच सिद्ध करायचं होतं की कापणं बरोबर आहे. पुढचं माझ्याही डोक्यात नव्हतं. मामांनी दोन पट्ट्या कापल्या, एकमेकींवर ठेवून नखाने कडा तपासली. तंतोतंत. लोखंडाची पट्टी वाकवली. मग दुसरी भट्टीतून काढून, त्याच डायवर, त्याच जागी. दोन्हींचे काटकोन झाले. मामांनी ते शेजारी शेजारी उभे केले, पाठीला पाठ लावून.

मॅग्नेशियमचा पाय आखूड होता. अर्ध्या मिलिमीटरच्या वर फरक. नुसत्या डोळ्यांना दिसत होता. एका मोडात एवढा, तर ट्रेच्या चार मोडांत काडेपेटीच्या काडीएवढा सहज.

मामांनी पट्ट्या उलट-सुलट करून परत लावल्या. मग व्हर्निअर मागितलं, मोजलं, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं.

"मीच कापल्या," ते म्हणाले. "सारक्याच व्हत्या. मंग माल गेला कुटं?"

हा प्रश्न खरा होता. धातू काही कापरासारखा उडून जात नाही. लांबीत नाही तर कुठेतरी असायलाच हवा. मी त्या दोन काटकोनांकडे बघत बसले, आणि मला कॉलेजातली एक आकृती आठवली. वाकलेला पत्रा, बाहेरचा थर ताणलेला, आतला दबलेला, आणि मधे एक थर असा की जो ना ताणतो ना दबतो. परीक्षेत त्यावर मला पूर्ण मार्क मिळाले होते आणि पेपर दिल्यावर मी तो थर विसरून गेले होते.

"मामा, मोडातून आडवे कापूया दोघांना. जाडी बघू."

मामांनी हॅक्सॉची करवत घेतली, खाली रेतीचा ट्रे ठेवला आणि हळूहळू कापलं. मी कडा घासून साफ केल्या. आधी लोखंड मोजलं. मोडाच्या जागी ते पातळ झालं होतं, किंचित. हे मामांना ठाऊकच होतं, पत्रा ताणला की पातळ होणारच. मग मी दुसरा तुकडा मोजला. आकडा वाचला आणि व्हर्निअर मामांच्या हातात दिलं, कारण मी वाचलेलं मलाच खरं वाटेना.

मामांनी मोजलं. "जाड हाय," ते म्हणाले. मग मोठ्याने, "वहिनी, मोड जाड झालाय! वाकून पत्रा जाड झाला, असं माज्या जल्मात बगितलं नाय!"

मग मला सगळं एकदम दिसलं आणि मी भराभर बोलत सुटले. लोखंड ताणायला आणि दबायला सारखंच तयार असतं, म्हणून ते बाहेरून लांबतं. हा धातू ताण घ्यायला कुरकुरतो, पण आतल्या अंगाने दाबला तर पटकन दबतो. म्हणजे मोडाचा सगळा भार आतली बाजू घेते. माल आत गोळा होतो, मोड जाड होतो, आणि बाहेरचं अंग लोखंडाइतकं लांबत नाही. जे तेवढं लांबतच नाही त्यासाठी आम्ही तेवढं वजा कशाला करत होतो? तक्ता लोखंडाला शंभर टक्के खरा होता. या धातूसाठी वजावट कमी हवी होती, बस.

"मंग पैला ट्रे दुसऱ्याहून बरा का आल्ता?" मामांनी विचारलं. अडवायला नाही, त्यांना खरंच हवं होतं.

"तो जास्त गरम होता मामा. तुम्ही भट्टीतून काढून लगेच वाकवलात. जास्त तापला की तो लोखंडासारखा वागायला लागतो. दुसऱ्याच्या वेळी वहिनी बोलावत होत्या, पत्रा डायवर थोडा निवला."

मामांनी व्हर्निअर डब्यात ठेवलं, हात पुसले आणि बाहेर जाऊन आंब्याखाली बसले. माझा राग कधीच उतरला होता. आता मला भीती वाटायला लागली. ज्या माणसाच्या तक्त्याचे लोक फोटो काढतात त्याला मी सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं का? मी त्यांच्या मागे गेले.

"मामा, तक्ता चुकलेला नाही. तो लोखंडाचा आहे."

"ते कळलं मला. मी येडा नाय." त्यांनी माझ्याकडे न बघता खिशातून तंबाखूची डबी काढली आणि परत ठेवली. "मी तुला सगळ्यांसमोर खोटी बोल्लो. त्याचं काय करायचं त्याचा इचार करतो. तू जा, पट्ट्या काप. किती वजा करायचं ते नक्की कर. भट्टीचा काटा एकाच ठिकाणी ठिवायची जिम्मेदारी माजी."

मग आम्ही दोघांनी त्या शॉपमध्ये जे केलं त्याला मी लग्नाच्या जेवणाच्या पंगतीची धावपळ म्हणेन. उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या कापायच्या, तापवायच्या, वाकवायच्या, मोजायच्या. मामा भट्टीच्या काट्यावर मांजरासारखे नजर ठेवून बसलेले. काटा जरा हलला की ओरडायचे, "थांब गो, थांब!" पट्टी बाहेर काढून डायवर ठेवेपर्यंत कुणी मधे आलं तर त्याची खैर नव्हती. एकदा वहिनीच आल्या, त्यांनाही मामांनी "बाजूला व्हा" म्हणून हाकललं, आणि वहिनी निमूट बाजूला झाल्या. शेवटी पट्टीमागून पट्टी एकच उत्तर द्यायला लागली. मी आकडा मांडला. मामांनी तो दोनदा ओठांत पुटपुटून घेतला.

शेवटचा पत्रा मामांनीच कापला. जुन्या मापापेक्षा तो लांब होता, आणि कटिंग मशीनचं पेडल दाबण्याआधी त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हा पत्रा गेला की टेबल गेलं, आणि आता मामांवर ढकलायलाही जागा नव्हती. आकडा माझा होता.

कंपनीचा माणूस आला तेव्हा चौथा मोड डायवर होता. आदेश नावाचा, चष्मेवाला, गाडीतून जोडीचा ट्रे स्वतः उचलून आणणारा. मामांनी पंच खाली आणला, वर नेला, ट्रे काढून टेबलावर ठेवला. तो निवायची वाट बघत सगळे थांबले. वहिनींनी चहा सांगितला आणि कुणी प्यायला नाही.

आदेशने दोन्ही अर्धे एकमेकांत सरकवले. खिशातून खिट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"घाला मॅडम, तुमचं ड्रॉइंग आहे."

मी खिट्टी पहिल्या भोकात घातली. ती आत गेली. पुढे सरकली. आणि दुसऱ्या भोकातून पलीकडे बाहेर आली, ठोकावं लागलं नाही, दाबावंही लागलं नाही. दुसऱ्या बाजूची घातली. तीही तशीच. तिसरी मामांनी घातली, चौथी वहिनींनी हिसकावून घेतली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या शॉपमधली माणसं बघायला आली.

आदेश मोजमाप घेत होता, पण वहिनींना धीर नव्हता. त्यांनी चपला काढल्या आणि सरळ स्ट्रेचरवर जाऊन आडव्या झाल्या. "दोन बायकांनी उचलायला हवं ना? उचला मला!"

"वहिनी, दोन बायका कुठे आहेत?"

"मी हाय की," मामा म्हणाले. "आज मी बाई."

हसून हसून माझे हात गळाले होते, तरी मी डोक्याकडची बाजू धरली आणि मामांनी पायाकडची. आणि उचललं. वहिनी काही हलक्या नाहीत, पण जे वजन हाताला लागलं ते फक्त त्यांचं होतं, स्ट्रेचरचं जाणवतच नव्हतं. आम्ही त्यांना कटिंगपासून भट्टीपर्यंत, भट्टीपासून दारापर्यंत नेऊन आणलं. वहिनी पडल्या पडल्या सगळ्यांकडे बघून हात हलवत होत्या. एकही मोड जरासुद्धा करकरला नाही.

पॅकिंगचं नाव पुन्हा निघालं नाही. वहिनींनी फक्त माझ्या टेबलावर नवीन दिवा लावून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशीन धुतली, झेंडू आले. मी चहा घेऊन दारात उभी होते. उद्या दसरा, आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन, मला सुट्टी हवी होती आणि ती मागायला मी मामांची पूजा संपायची वाट बघत होते. मामांनी माळ घातली, नारळ फोडला, जुन्या तक्त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. मग खिशातून पिवळ्या रंगाची डबी आणि ब्रश काढला.

"नम्रता, हिकडं ये गो."

मी आत गेले. सगळे उभे होते, तेच सगळे ज्यांच्यासमोर मी खोटी ठरले होते. जुन्या तक्त्याच्या शेजारी मामांनी सकाळीच नवा चौकोन आखून ठेवला होता. वर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, मॅग्नेशियम. खाली भट्टीचा काटा कुठे ठेवायचा ते. त्याच्या खालचा रकाना रिकामा होता.

"तुजं माप खोटं हाय असं मी बोल्लो व्हतो," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माप खरं व्हतं. पोरगी खरी व्हती. आता तुजा आकडा तू लिव."

ब्रशने लिहायची मला सवय नव्हती, त्यामुळे आकड्यातलं शून्य जरा वाकडं आलं. ते आजही तसंच आहे. मामांनी मागे सरकून ते पाहिलं. कुंकवाची वाटी त्यांच्या हातातच होती. मी त्या वाटीकडे बघत होते, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

"ह्याला नाय लावणार," ते म्हणाले आणि वाटीवर झाकण ठेवलं. "एकदा कुंकू लागलं की मंग कोन मोजून बगत नाय. ह्याला मोजत ऱ्हा. उद्या नवा पत्रा येईल, नवा धातू येईल, तवा खोडायला लागला तर खोड. मला इचारू पन नको."

मी सुट्टी मागायची विसरले. वहिनींनी ती आपणहून दिली.